पेन्सिलने लिहिलेला आकडा

आज माझी छाती साफ आहे, नोकरी टिकून आहे आणि सकाळी मी सहा-सात किलोमीटर न थांबता पळतो. यासाठी मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात पूर्वी काम करणाऱ्या ब्रदरांचा. दवाखान्यातल्या पुरुष नर्सला सगळीकडे ब्रदर म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. आई-वडिलांचं आणि शाळेतल्या बाईंचं ऋण मी लहानपणापासून मानत आलो. ब्रदरांचं मात्र मला तीन महिने कळलंच नाही. उलट हा माणूस माझं वाईट करायला टपला आहे अशी माझी तेव्हा खात्री होती, आणि मी पळायला सुरुवात केली ती त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा करायला.

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात मी केमिस्ट आहे. राहायला कामोठ्याला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालताना सुरुवातीची काही वर्षं मला रोज बरं वाटायचं. मी औषधाच्या दुकानात आहे असं आई गावी बराच काळ सांगत होती. मी दोनदा समजावलं आणि मग सोडून दिलं.

आमच्या प्रयोगशाळेचा एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. तयार होणाऱ्या मालाचे नमुने आमच्याकडे येतात. ते तपासून आलेला आकडा वहीत पेनानेच लिहायचा. चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही-तारीख. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने असतात, ‘केले’ आणि ‘तपासले’. ज्याने केलं त्याने तपासलेमध्ये सही करायची नाही. आणि पेन्सिल नुसती टेबलावर दिसली तरी मेमो मिळतो. पेन्सिलने लिहिणाऱ्याच्या मनात नंतर खोडायचं आहे, असंच आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं.

दीड वर्षापूर्वीची वार्षिक वैद्यकीय तपासणी. रक्त, डोळे, वजन झालं आणि शेवटी फुंकायची टेस्ट. एका नळीत जीव खाऊन फुंकायचं, मग यंत्र फुप्फुसांची ताकद सांगतं. ती ब्रदर घेत. पन्नाशीचा, बुटका, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस. बोलायला कमी, पण ही टेस्ट घेताना त्यांच्या अंगात यायचं.

“दीर्घ श्वास घ्या सर. ओठ घट्ट. आता फुंका. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका.”

तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवस सर्दी होती, तेही मी सांगितलं. यंत्रातून आलेल्या कागदाच्या पट्टीकडे ब्रदर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं. माझ्या आधीच्या सगळ्या ओळी निळ्या शाईत होत्या. ब्रदरांनी पेन खाली ठेवलं, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि माझ्या नावापुढे आकडा लिहिला. समोरून उलटं वाचायची मला सवय आहे, पण त्यांनी त्यावर पालथा हात ठेवला.

मी किती आला ते विचारलं.

“ते राहू द्या आत्ता,” ते म्हणाले. “तीन महिन्यांनी परत या. तोवर सकाळचं पळायला लागा. रोज.”

मी लॅबमध्ये परतलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. शेजारच्या टेबलावरचा माझा सीनियर कारखान्यातल्या प्रत्येक गोष्टीची बातमी ठेवणारा. त्याला मी पेन्सिलचं सांगितलं. त्याने हातातलं काम थांबवलं.

“मग आकडा यायचा बाकी आहे तुझा,” तो म्हणाला. “तुझं काय करायचं ते वर ठरलं की तो आकडा ठरेल. तुझ्या टेबलावरचे आधीचे दोघं आठव. पहिला पॅकिंगला गेला, मग घरी. दुसरा डायरेक्ट घरी. कागदावर दोघंही अनफिट.”

मला आठवत होतंच. पहिल्याच्या निरोपाला आम्ही समोसे खाल्ले होते.

माझा स्वभाव संशयी आहे हे मी मान्य करतो, पण तो आकाशातून पडला नाही. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. त्यांना कायम करायची वेळ आली तेव्हा मधल्या दोन हंगामांची हजेरी सापडेना. ते कामावर होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कागदाला ठाऊक नव्हतं. वडील कायम झाले नाहीत. मी मुंबईकडे निघालो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली: ज्याचा कागद त्यांच्याकडे आहे, त्याचा एक आपल्याकडेही ठेवायचा. मी बसचं तिकीटसुद्धा महिनाभर फेकत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात माझा संशय पक्का झाला. लॅबमध्ये मेंटेनन्सची दोन माणसं आली. माझं निम्मं काम एका हूडमध्ये चालायचं. हूड म्हणजे सरकत्या काचेचं कपाट, आतल्या वाफा वरचा पंखा छतावरून बाहेर ओढतो. त्यांनी माझ्याच हूडपुढे हवेचा वेग मोजायचं यंत्र धरलं, बाकीच्यांना हात लावला नाही. ब्रदर दाराशी उभे होते. दवाखाना सोडून हा माणूस लॅबच्या दाराशी काय करतो? मी जवळ गेलो तसे तिघेही बोलायचे थांबले. दुसऱ्या दिवशी हूडवर ‘वापरू नये’ असा कागद लागला आणि मला खिडकीजवळच्या टेबलावर पाण्याचे नमुने तपासायला बसवलं. पाणी तपासायला शिकाऊ मुलांना बसवतात.

सीनियरने हळूच सांगितलं की हे असंच असतं. आधी हूड तपासणीसाठी बंद ठेवायचं, मग ते ठीक आहे असा कागद करायचा, म्हणजे दोष माणसाच्या छातीचा ठरतो.

मी त्या रात्री ठरवलं की माझाही कागद होईल. पळा म्हणाले ना, मी पळेन. पण असा पळेन की उद्या कुठल्याही टेबलापुढे उभं राहून मला दाखवता आलं पाहिजे, की हा माणूस फिट होता आणि हे त्याचं रोजचं रेकॉर्ड. मी पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, अंतर, धाप. आणि शेवटी, हाताला लागलेल्या सवयीने, केले आणि तपासले. मोबाइलवर अंतर मोजणारं अ‍ॅप होतं, पण माझा मोबाइल घेऊन दुसराही कुणी पळू शकतो, अशी वकिली मीच माझ्याविरुद्ध केली आणि ते बाद ठरवलं. तपासणारा माणूसच हवा. बायको म्हणाली, “लोक वजन कमी करायला पळतात, तुम्ही वही भरायला पळा.” तपासलेमध्ये सही करायला तीही तयार होती, पण घरच्या माणसाची साक्ष कोण धरतं?

कामोठ्याच्या खाडीकडच्या अंगाला मातीचा एक जुना बांध आहे. पूर्वी त्याच्या आत भातखाचरं होती, आता सेक्टर आहेत. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत शिरू नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून केलेलं झडपेचं दार. ते गंजून अर्धवट अडकलं आहे, तरी जुन्या गावातले एक वयस्कर काका रोज सकाळी तिथे येऊन पाणी किती चढलं ते बघत. कधीकाळी गावाने ती उघाडी त्यांच्या घराकडे सोपवली होती. आता सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर त्यांची चार मजली इमारत आहे, भाडेकरू आहेत, पण सहाच्या आत ते बांधावर हजर. रोज तिथे असणारा आणि माझ्याशी काही संबंध नसणारा असा हा एकच माणूस होता. मी वही त्यांच्यापुढे धरली.

“मी कनाला सही करू?” काका म्हणाले. “मी काय तुजा साहेब हाय?”

साक्षीदार म्हणून, असं मी सांगितलं.

“कोनावर केस हाय?”

“अजून नाही.”

“म्हंजे व्हनार हाय,” ते म्हणाले, आणि त्यांना यात रस आल्यासारखा वाटला.

पहिल्या दिवशी मी विजेच्या टॉवरच्या आणि पुढच्या झाडीच्याही पलीकडे, बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलो. पळालो कमी, पाय ओढले जास्त. परत येऊन, कमरेवर हात ठेवून, तीन किलोमीटर असं लिहिलं आणि सहीसाठी पेन दिलं. काकांनी चष्मा लावून ओळ वाचली आणि पेन परत केलं.

“मी त्या टावरपरत पायलं. त्याच्या पुरं झारी हाय. तितं तू पललास का बसलास, मना काय ठाव?”

मी शपथ घ्यायला लागलो तर त्यांनी हात केला. शेवटी त्यांनी सही केली, पण वर स्वतःच्या अक्षरात ‘टावरपरत’ असं लिहिलं. मला राग आला, आणि जरा आदरही वाटला. आमच्या लॅबमध्ये न बघता सही ठोकणारे कितीतरी आहेत.

मग मी मार्ग बदलला. उघाडीपासून विजेच्या टॉवरपर्यंत जायचं, तिथून वळायचं, परत उघाडी, परत टॉवर. सगळं काकांच्या नजरेत. सुरुवातीला चार फेऱ्या व्हायच्या, आणि धापच्या रकान्यात मी ‘खूप’ लिहायचो. मग सहा, आठ. सकाळी फिरायला येणाऱ्या सोसायटीवाल्यांना हे बघून मजा वाटायची. त्यांच्यातल्या एकाने एकदा विचारलं, “साहेब, टॉवरला हात लावून काय मिळतं? आम्हीपण लावतो.” तो माणूस कोणत्या कंपनीत आहे हे मी काकांकडून काढून घेतलं. उगीच.

त्या दिवसांत मला सगळ्यातच कटाचा वास यायचा. कॅन्टीनमध्ये ब्रदर ताट घेऊन जाताना थांबून विचारत, “पळताय ना सर?” आणि मी मोजकंच हो म्हणायचो. एकदा त्यांनी माझ्या बुटांकडे बघून, खाडीचा चिखल आहे वाटतं, असं म्हटलं. मी घरी जाऊन बूट धुतले. खोकला आला तर बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रुमालात खोकायचो, कारण ब्रदरही कामोठ्याहूनच, माझ्याच बसला असत.

दुसरा महिना संपत आला असताना एका सकाळी मी टॉवरपाशी वळलो आणि लांब उघाडीजवळ एक स्कूटर उभी दिसली. पांढरा शर्ट. गळ्यापर्यंत बटणं. काका माझी वही मांडीवर उघडून दाखवत होते आणि ब्रदर वाकून बघत होते.

त्या दिवशी मी जितक्या वेगात पळालो तितक्या वेगात आजपर्यंत पुन्हा पळालेलो नाही. मी निम्म्यावर असतानाच त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात वर केला आणि स्कूटर चालू करून निघून गेले.

“काय विचारत होते?” मी धापा टाकत विचारलं.

“खोकतो का अजून, इचारत व्हता. मी सांगलं, आदी लय खोकायचा, आता कमी.”

“आणि वही?”

“मांगली, दावली. चोरीची हाय का?”

मी काकांना समजावलं की तो माणूस कंपनीचा आहे, माझ्याविरुद्ध माहिती काढतो आहे, खोकल्याचं त्याला काहीही सांगायचं नाही. पुन्हा आला तर मी आठवडाभर खोकलोच नाही असं सांगा, हेही मी म्हणालो. काकांनी वही मिटली.

“मी जे पायलं ते सांगलं. तुज्या वयीत तेच लिवतो, त्याला पन तेच सांगलं. तुला पायजे तेवरंच बोलायचं असंल, तर दुसरा मानूस बघ.”

त्यांनी सही न करता वही माझ्या हातात दिली आणि उघाडीकडे तोंड करून बसले.

मी वही दगडावर ठेवली आणि रागाच्या भरात पुन्हा पळत सुटलो. टॉवर आला तरी वळलो नाही. झाडीच्या पुढे बांध अरुंद होतो, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि ओहोटीचं पाणी उतरत असलं की चिखलातून बारीक चुरचुर असा आवाज येत राहतो. तो मी इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता, कारण मी फेऱ्या मोजत असायचो. पुढे दोन होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या, एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून जाळं धूत होती. तिने मान वर करूनही बघितलं नाही. मला कुणी बघत नव्हतं. बराच पुढे गेल्यावर लक्षात आलं की राग संपला आहे, पाय आपोआप पडताहेत, आणि श्वास पोटापर्यंत जातो आहे. शाळा सुटल्यावर घरापर्यंत पळत जायचो तेव्हा असा जायचा. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात मी मागे वळून कुणी पाठलाग करत नाही ना तेही बघितलं, हे लपवत नाही.

परत आलो तेव्हा काका गेले होते. त्या दिवसाची ओळ माझ्या वहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझं चुकलं म्हणालो. ते म्हणाले, पल आता, ऊन चरंल. आणि संपल्यावर टॉवरपर्यंतची सही केली. पण तेव्हापासून वहीतल्या फेऱ्या झाल्या की रोज थोडं झाडीपलीकडे जाऊन यायला लागलो. ते कुठे लिहिलं नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी मी वही पिशवीत घालून दवाखान्यात गेलो. सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून एक संच घरी ठेवला होता. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. ब्रदर एकटेच होते. मी बोलायला लागणार तोच त्यांनी नळी पुढे केली. आधी फुंका, मग बोलू, म्हणाले.

मी फुंकलं. त्यांची फुंका-फुंका सुरू झाली, आणि या वेळी ती थांबली तरी माझा श्वास शिल्लक होता. तीनही वेळा. ब्रदरांनी पट्टी फाडून बघितली, रजिस्टरचं तेच पान उघडलं, निळं पेन घेतलं आणि माझ्याच नावापुढे खाली आकडा लिहिला. मग रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. चांगला होता. त्याच्या वर तीन महिन्यांपूर्वीचा पेन्सिलचा आकडा तसाच होता, कुणी खोडलेला नव्हता. तो मी बोट ठेवून दोनदा वाचला, इतका कमी होता. शेजारी बारीक अक्षरात ‘सर्दी, पुन्हा घेणे’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली डॉक्टरांची सही.

“हा पेन्सिलने का लिहिलात?” मी विचारलं. पाठ केलेल्या भाषणातलं तेवढंच उरलं होतं.

“सर्दीतली टेस्ट धरायची नसते. परत घ्यायची असते.”

“मग तसं पेनाने लिहायचं.”

“पेनाने लिहिलं की महिन्याच्या यादीत वरच्या साहेबांकडे जातं. यादीत शेरा जात नाही सर, आकडा जातो.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “तुमच्या टेबलावरचे आधीचे दोघं. त्यांचे आकडे मी पेनाने लिहिले होते.”

मग त्यांनी एकेक सांगितलं, माझ्याकडे न बघता. पहिला माणूस आला तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. दुसरा त्याच टेबलावरचा निघाला तेव्हा खटकलं, पण तोवर यादी गेली होती. तिसरा मी. तेव्हा ते डॉक्टरांना सांगून स्वतः लॅबमध्ये आले आणि हूड मोजायला लावलं. वरच्या पंख्याचा बेल्ट ढिला पडला होता. पंखा फिरायचा, आवाज यायचा, पण ओढ जवळजवळ नव्हती. त्या वाफा आम्ही तिघांनी ओळीने छातीत घेतल्या होत्या. मला खिडकीशी पाणी तपासायला बसवा, असं त्यांनीच सुचवलं होतं. पळायला सांगितलं ते श्वास सुधारावा म्हणून, आणि खोकला कमी होतोय का ते बसमध्ये दिसेना म्हणून बांधावर आले होते.

“तुम्ही रुमालात खोकायला लागलात,” ते म्हणाले. “मग मी विचारणार कुणाला?”

मग त्यांनी माझी वही मागितली. एकेक पान उलटत राहिले. ‘टावरपरत’ वाचून हसले. मग म्हणाले की हा साक्षीदार चांगला आहे, याला लॅबमध्ये घ्या.

आणि मी काय केलं? या माणसाचे पाय धरायला हवे होते. निदान आभार तरी. मी रजिस्टरच्या पानाकडे बोट दाखवून म्हणालो, “याची झेरॉक्स मिळेल का?”

ब्रदर उठले, मशीन गरम व्हायची वाट बघितली आणि प्रत काढून हातात दिली. मी ती घडी घालून खिशात ठेवली आणि लॅबमध्ये गेलो.

आभार उद्या मानू, परवा मानू, असं करत राहिलो. रोज एकाच बसला असायचो, पण इतके दिवस तोंड खिडकीकडे करून बसलेल्या माणसाने अचानक काय बोलायचं? दोन महिन्यांनी दवाखान्याचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीला गेलं आणि ब्रदर यायचे बंद झाले. कंत्राटं बदलतात, असं सगळे म्हणाले. हूडची तक्रार वर गेल्यानंतर लगेचच कसं बदललं, हे मी सीनियरला विचारलं. इतर वेळी सगळ्याचा अर्थ सांगणाऱ्या त्या माणसाने या वेळी खांदे उडवले. माझ्या हाती कुठलाच कागद नाही, म्हणून इथे एवढंच लिहितो.

वर्षभर मी पळत राहिलो, आणि वाशीच्या मार्केटात एका माणसाची गाठ पडल्यावर गेल्या रविवारी बसून ब्रदरांना पत्र लिहिलं. फोन केला असता तर पुन्हा काहीतरी भलतंच बोललो असतो. ते पत्र असं:

ब्रदर, नमस्कार.

आपण उरणच्या एका कंटेनर यार्डाच्या दवाखान्यात आहात हे उघाडीवरच्या काकांनी सांगितलं आणि पत्ताही दिला. कामोठं सोडण्याआधी आपण बांधावर त्यांना भेटून गेलात म्हणे. मला न भेटता गेलात याचं वाईट वाटलं, पण माझ्याशी कुणी आपणहून बोलावं असं मी काही ठेवलं नव्हतं.

मी आपले आभार मानतो. हे त्या दिवशी म्हणायचं होतं. आपण मला तीन महिने मिळवून दिलेत आणि ते मी आपल्यावर पाळत ठेवण्यात घालवले. तरी त्यांचा उपयोग झाला, कारण पाळत ठेवता ठेवता पळायला लागलो. यंदाही आकडा चांगला आला. त्यात बेल्ट बदलल्याचा वाटा किती आणि पळण्याचा किती, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही आपल्याकडूनच आलं, म्हणून ठरवायचा प्रयत्नही सोडला.

आता मुख्य गोष्ट. आपण ज्या दोघांबद्दल सांगितलंत, त्यांतला पहिला मला भेटला. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कारकुनी करतो. जिने चढताना अजून थांबतो. माझी छातीच कमजोर होती रे, असं तो म्हणाला. त्याला हूडचं कुणीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं. त्याने विचारलं की मी हे दुसऱ्या कुणापुढे सांगेन का. मी हो म्हणालो. म्हणायला सोपं नव्हतं, कारण माझं घर या एका पगारावर चालतं आणि मी त्याच कारखान्यात आहे. पण हो म्हणालो आहे. तो कामगार कार्यालयात अर्ज करणार आहे. दुसऱ्याचा गावचा पत्ता मी शोधतो आहे.

अर्जात आपलं नाव घालायचं की नाही हे आपण ठरवायचं आहे. आपण नको म्हणालात तर माझ्या तोंडून ते निघणार नाही. आपल्यालाही घर आहे.

येत्या रविवारी सकाळी मी उरणला येतो आहे. करंजाकडच्या रस्त्याने थोडं पळेन आणि आठच्या सुमारास आपल्या यार्डाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर थांबेन. आपण आला नाहीत तर मी त्याचा वेगळा अर्थ काढणार नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. काढेन. म्हणून याच.

आपला,
त्याच टेबलावरचा तिसरा केमिस्ट